कोबाल्ट, उडीद आणि अकोला

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा कपाशीला मोठे प्रकरण मिळते. ज्वारीला आणि संत्र्याला त्यांचा मान मिळतो, अलीकडे सोयाबीनलाही मिळतो. उडदाच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते : भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने टीएयू-१ हा वाण १९८५ मध्ये प्रसारित झाला. ही ओळ कुणीतरी उलगडून लिहावी असे मला फार दिवसांपासून वाटत होते. तिच्या एका टोकाला अणूच्या गाभ्यात घडणारा किरणोत्सर्गी ऱ्हास आहे. दुसऱ्या टोकाला पोळ्याच्या आणि महालक्ष्म्यांच्या खर्चासाठी मूग-उडदाच्या पहिल्या पोत्यांकडे डोळे लावून बसलेले वऱ्हाडातले घर आहे. ही दोन टोके जोडण्याचे काम अकोल्यात आणि अमरावतीत झाले. विद्यापीठाच्या स्मरणिकेत त्याची सविस्तर नोंद असायलाच हवी.

महाराष्ट्रात पहिले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये राहुरीला निघाले. विदर्भाचे स्वतंत्र कृषी विद्यापीठ अकोल्यातच व्हावे यासाठी इथल्या लोकांनी आंदोलन केले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी पंजाबराव कृषी विद्यापीठ अस्तित्वात आले. ज्यांचे नाव त्याला दिले ते पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख तेव्हा हयात नव्हते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेले पंजाबराव १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री होते आणि १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती शेतकऱ्याच्या मुलाला विज्ञान शिकता यावे याच तळमळीने. नव्या विद्यापीठाला १९०६ पासूनचे नागपूरचे कृषी महाविद्यालय मिळाले, जुनी संशोधन केंद्रे मिळाली आणि कार्यक्षेत्र म्हणून सगळा विदर्भ मिळाला. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आला, मेळघाटची उतरती हलकी जमीन आली, वर्धा-यवतमाळची भारी काळी जमीन आली. पाऊस अकोल्याच्या बाजूला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर, तोही लहरी. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. इतक्या प्रकारच्या जमिनी आणि असे हवामान ज्याच्या हातात आहे, त्याच्याकडे कुणी नवे बियाणे आणले तर ते चालेल की नाही हे चार हंगामांत ठरते. पुढे जे घडले त्यात विद्यापीठाचे हेच खरे भांडवल ठरले.

इकडे मुंबईत तुर्भ्याच्या किनाऱ्यावर, ज्याला सगळे ट्रॉम्बे म्हणतात तिथे, डॉ. होमी भाभांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये अणुऊर्जा संशोधनाची संस्था सुरू झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली, १९६० मध्ये सायरस झाली. भाभांच्या निधनानंतर १९६७ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. या संस्थेत सुरुवातीपासून जीवशास्त्र आणि शेती यांना जागा होती, ही गोष्ट आजही पुष्कळांना ठाऊक नसते. किरणांनी जीवांच्या आनुवंशिक गुणांत बदल घडवता येतात हे हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवर दाखवले आणि पुढच्याच वर्षी लुई स्टॅडलर यांनी बार्लीवर. पिकांत किरणांनी बदल घडवून त्यातून वाण निवडण्याची पद्धत तिथून जगभर गेली. आज अशा वाणांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत ३,४०० च्या वर नावे आहेत. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी पहिला हात घातला भुईमुगाला. क्ष-किरणांनी स्पॅनिश इम्प्रूव्हड या जातीत बदल घडवून मिळालेला टीजी-१ हा वाण १९७३ मध्ये बाहेर आला. भुईमुगात डॉ. एस. एच. पाटील, कडधान्यांत डॉ. आर. जी. ठाकरे आणि डॉ. एस. ई. पवार अशी माणसे वर्षानुवर्षे एकाच पिकाला धरून बसली.

त्यांची अडचण वेगळीच होती. ट्रॉम्बेला अणुभट्टी होती, प्रयोगशाळा होती, पण जमीन थोडी होती आणि पाऊस कोकणचा. जिथे पावसाळाभर पाणी ओसरत नाही तिथे उडदाची परीक्षा घेऊन उपयोग काय? उडीद, मूग, तूर जिथे खरोखर पेरली जाते तिथली काळी जमीन हवी होती, तिथला आठ-पंधरा दिवसांचा पावसाचा खंड हवा होता, तिथले रोग हवे होते. हे सगळे विदर्भाच्या नव्या विद्यापीठाकडे होते आणि विद्यापीठाकडे नव्हते ते ट्रॉम्बेकडे होते. अशा गरजेतून जुळलेली नाती टिकतात, हेही टिकले.

या सहकार्याचा पाया मात्र भौतिकशास्त्रात आहे. शेतीच्या पुस्तकांत तो दोन वाक्यांत उरकला जातो. मी तो जरा सावकाश सांगणार आहे, कारण विद्यार्थ्यांना ‘कोबाल्ट-६०’ हे नाव पाठ असते आणि त्यामागचे विज्ञान माहीत नसते.

कोबाल्टच्या अणूच्या गाभ्यात २७ प्रोटॉन असतात. निसर्गात सापडणाऱ्या कोबाल्टमध्ये त्यांच्या जोडीला ३२ न्यूट्रॉन असतात. मिळून ५९, आणि हा गाभा स्थिर आहे. अणुभट्टीत ठेवला की तो एक न्यूट्रॉन गिळतो आणि कोबाल्ट-६० होतो. आता न्यूट्रॉन एकाने जास्त झाला. गाभ्याला तो झेपत नाही, म्हणून त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि कोबाल्टचा निकेल-६० बनतो. नवा गाभा जन्मतःच उत्तेजित असतो. आपली जादा ऊर्जा तो एकापाठोपाठ दोन गॅमा किरणांतून सोडून देतो, एक १.१७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा आणि दुसरा १.३३ चा. बियाण्यावर पडतात ते हे किरण. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. म्हणजे शिशाच्या जाड कवचात ठेवलेला स्रोत दर वर्षी सुमारे १२ टक्क्यांनी मंदावतो आणि तेवढीच मात्रा द्यायला बियाणे दर वर्षी थोडे जास्त वेळ आत ठेवावे लागते. ही आकडेमोड चुकली तर एका वर्षीचा प्रयोग दुसऱ्या वर्षीच्या प्रयोगाशी ताडून पाहता येत नाही. पैदासकाराच्या वहीतला ‘३०० ग्रे’ हा किरणमात्रेचा आकडा विश्वासाचा असतो, कारण कुणीतरी आयुष्य खर्चून अणुकेंद्रांचे ऱ्हास मोजून ठेवले आहेत.

न्यूट्रॉन जास्त झाले की काय होते ते हे. प्रोटॉन जास्त झाले तर? शेतीला त्याचेही एक उदाहरण जवळचे आहे. जस्ताच्या गाभ्यात ३० प्रोटॉन. झिंक-६५ मध्ये न्यूट्रॉन ३५, एकूण ६५ कणांच्या गाभ्याला स्थिर राहायला जितके लागतात त्यापेक्षा कमी. इथे उलटा व्यवहार होतो : गाभा आपल्याच अणूतला एक इलेक्ट्रॉन आत ओढून घेतो, क्वचित पॉझिट्रॉन बाहेर टाकतो, आणि एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होऊन तांबे तयार होते. याचे अर्धायुष्य २४४ दिवस, म्हणजे एका हंगामाला पुरून उरणारे. भारतातल्या मृदशास्त्रज्ञांनी जमिनीत टाकलेले जस्त पिकात किती जाते आणि मातीत किती अडकून पडते हे शोधायला झिंक-६५ वापरले. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत जस्ताची कमतरता आहे, हे विदर्भातल्या कोणत्याही माती परीक्षण प्रयोगशाळेत विचारले तर समजते.

या वाटेने आणखी पुढे गेले की मनाला भुरळ घालणारा प्रदेश लागतो. कोबाल्टचेच घ्या. न्यूट्रॉन कमी करत करत २६ वर आणले की कोबाल्ट-५३ होतो, त्यात प्रोटॉन न्यूट्रॉनपेक्षा जास्त. असा गाभा निसर्गात नाही, तो त्वरकात टक्कर घडवून बनवावा लागतो आणि पाव सेकंदात संपतो. १९७० मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेल इथल्या प्रयोगात आणि लगोलग अमेरिकेत बर्कले इथे असे आढळले, की कोबाल्ट-५३ ची एक उत्तेजित अवस्था शंभरात एक-दीड वेळा सरळ एक प्रोटॉन बाहेर टाकते. किरणोत्सर्गाचा हा प्रकार त्याआधी कुणी पाहिलेला नव्हता. अल्फा, बीटा, गॅमा ही नावे शाळेपासून ऐकलेल्या पिढीला त्यात आणखी एक नाव जोडावे लागले. पुढे जर्मनीतल्या डार्मस्टाट इथे ल्युटेशियम-१५१ चा गाभा आपल्या मूळ अवस्थेतूनच प्रोटॉन टाकतो हे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. २००२ मध्ये जर्मनीतल्या आणि फ्रान्समधल्या दोन गटांनी लोह-४५ मधून एकाच वेळी दोन प्रोटॉन निघतात हे दाखवले. २६ प्रोटॉनांच्या जोडीला जेमतेम १९ न्यूट्रॉन असलेला हा गाभा काही सहस्रांश सेकंद टिकतो. वॉर्साच्या शास्त्रज्ञांनी वायूने भरलेल्या कक्षावर कॅमेरा रोखून २००७ मध्ये त्या दोन प्रोटॉनांच्या वाटांची छायाचित्रे दिली.

महाराष्ट्रात असे प्रयोग करण्यासारखी जागा म्हणजे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला पेलेट्रॉन. भाभा केंद्राच्या भागीदारीतून उभा राहिलेला हा त्वरक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. जड आयनांचा झोत पातळ पत्र्यावर आदळला की दोन गाभे एकजीव होतात, नव्या गाभ्यातून काही न्यूट्रॉन उडून जातात आणि मागे राहतात ते बहुधा न्यूट्रॉनची उणीव असलेले, म्हणजेच प्रोटॉनबहुल गाभे. त्यांच्यातून निघणारे गॅमा किरण सर्व बाजूंनी लावलेल्या शोधकांनी टिपले जातात. उडदाशी याचा काय संबंध, असे कुणी विचारील. थेट संबंध नाही. पण किरणोत्सर्गाचे अचूक मोजमाप करण्याची जी शिस्त आणि जी माणसे अशा प्रयोगशाळांत तयार होतात, त्यांच्याच बळावर देशात कोबाल्टचा स्रोत सुरक्षितपणे शेतीसाठी वापरता येतो. मूलभूत संशोधनावरचा खर्च आपल्याला परवडतो का, असे विचारणाऱ्यांनी वऱ्हाडातल्या कडधान्यांकडे पाहावे.

आता शेतावर येऊ.

कडधान्याच्या कोरड्या बियाण्याला सर्वसाधारणपणे दोनशे ते चारशे ग्रे मात्रा देतात. माणसाला संपूर्ण शरीरावर चार-पाच ग्रे एकदम मिळाले तर जीव वाचणे कठीण, यावरून बियाण्याची सोसण्याची ताकद कळावी. त्यातही ओलावा महत्त्वाचा, म्हणून बियाणे ठरावीक आर्द्रतेला आणूनच आत ठेवतात. ते पेरले की पहिली पिढी मिळते. काही उगवत नाही, काही खुरटते, काहींचे पान वेडेवाकडे होते. नवखा विद्यार्थी इथेच खूश होतो किंवा निराश होतो आणि दोन्ही व्यर्थ असते, कारण पहिल्या पिढीत दिसते ती बहुतेक किरणांची इजा. खरा बदल बहुधा दडलेला असतो. प्रत्येक झाडाचे बी वेगळे राखून दुसऱ्या पिढीत हजारो झाडे लावली की तो उघडा पडतो. पांढरी फटक रोपे दिसतात आणि आठवडाभरात मरतात, पिवळी दिसतात, ठेंगू दिसतात. त्या गर्दीत एखादे झाड असते ज्याची शेंग लांब आहे, दाणा टपोरा आहे किंवा जे चार दिवस आधी पिकते. ते झाड ओळखणारा डोळा कोणत्याही यंत्रात नसतो. तो भल्या सकाळी ओळीओळीने फिरणाऱ्या पैदासकाराकडे आणि त्याच्या मागे खुंट्या व चिठ्ठ्या घेऊन चालणाऱ्या प्रक्षेत्र सहायकाकडे असतो.

उडीद आणि मूग स्वपरागीत, त्यामुळे निवडलेले झाड शुद्ध ठेवणे तुलनेने सोपे. तुरीवर मात्र मधमाश्या येतात आणि परपरागीभवन होते. निवडलेल्या तुरीच्या झाडाला फुलोऱ्याच्या काळात जाळीदार कापडाने झाकावे लागते, नाहीतर चार वर्षांची मेहनत एका हंगामात शेजारच्या तुरीत मिसळून जाते.

उडदाचा टीएयू-१ हा थेट किरणांतून निघालेला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण याबाबत घोळ होतो. आधी किरणांच्या साहाय्याने ट्रॉम्बेला टपोऱ्या दाण्याचा आणि गडद हिरव्या पानाचा यूएम-१९६ हा उत्परिवर्तक मिळाला. त्याचा संकर टी-९ या जुन्या, सगळीकडे पेरल्या जाणाऱ्या वाणाशी केला. त्या संकरातून निवड करत करत, अकोल्याच्या चाचण्यांतून पार पडून १९८५ मध्ये ट्रॉम्बे अकोला उडीद-१ बाहेर आला. सत्तर-पंचाहत्तर दिवसांत हाती येणारा, दाणा टपोरा. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला दोन गोष्टी लागतात : लवकर मोकळी होणारी जमीन आणि बाजारात उठून दिसणारा माल. या वाणात दोन्ही होत्या. पुढची कित्येक वर्षे महाराष्ट्रात उडदाच्या बहुतांश क्षेत्रावर हाच वाण पेरला गेला. एखाद्या विद्यापीठाला आपल्या नावाचे अक्षर एवढ्या शेतांत पोचवण्याचे भाग्य क्वचित लाभते.

तुरीत वेगळा मार्ग घेतला गेला. तिथे गॅमा किरणांऐवजी वेगवान न्यूट्रॉन वापरले. टी-२१ या तुरीवर न्यूट्रॉनचा मारा करून मोठ्या दाण्याचा टीटी-६ मिळाला, तो ट्रॉम्बे विशाखा-१ या नावाने १९८३ मध्ये प्रसारित झाला. त्याच कुळातल्या टीटी-२ आणि टीटी-८ यांच्या संकरातून ट्रॉम्बे-अकोला सहकार्याचा टीएटी-१० हा लवकर येणारा वाण १९८५ मध्ये आला. माझ्या मते टीएटी-१० च्या वाट्याला त्याच्या योग्यतेएवढे यश आले नाही. वऱ्हाडात तूर बहुधा कपाशीच्या तासांत पेरली जाते आणि तिथे शेतकऱ्याला उशिरा येणारी, फाकणारी तूर चालते. लवकर येणाऱ्या तुरीला स्वतंत्र जागा हवी, ती द्यायला शेतकरी तयार नव्हता. वाण चांगला असणे पुरेसे नसते, तो इथल्या पीकपद्धतीत बसावा लागतो, हा धडा विद्यापीठाने तेव्हा घेतला. २०१३ मध्ये आलेल्या पीकेव्ही-तारा या तुरीपर्यंत हे सहकार्य चालत आले.

मुगाची गोष्ट रोगाची आहे. रब्बीत थंडी पडली की मुगाच्या पानांवर पांढरी भुकटी धरते, तीच भुरी. गंधकाची फवारणी करता येते, पण कोरडवाहू मुगावर फवारणीचा खर्च कोण करणार? भुरीला दाद न देणारे टीएआरएम मालिकेतले वाण नव्वदच्या दशकात आले : टीएआरएम-२ आधी, मग टीएआरएम-१ आणि टीएआरएम-१८. रोगप्रतिकार बियाण्यातच असला की शेतकऱ्याचा खर्च वाचतो आणि त्याच्या अंगावर औषध उडत नाही. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०१७ मध्ये जे घडले ते ज्यांनी पाहिले, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

भुईमुगातला टीएजी-२४, म्हणजे ट्रॉम्बे अकोला भुईमूग, १९९१ चा. ठेंगणे, आटोपशीर झाड. पाल्यात वाया न घालवता आपली ताकद शेंगांत घालणारे. ओलिताची सोय असलेल्या उन्हाळी भुईमुगात या वाणाने जे उत्पन्न दिले त्यामुळे तो महाराष्ट्राबाहेरही गेला. देशभरातल्या भुईमूग पैदासकारांनी त्याला संकरासाठी पालक म्हणून वापरले आणि नव्या वाणांची तुलना करायला मापदंड म्हणून लावले. शास्त्रज्ञांच्या जगात वाणाला याहून मोठा मान नाही.

इथवर अकोला. अमरावतीचे काम नंतरचे आणि पूर्णपणे सोयाबीनचे. ऐंशीच्या दशकापासून सोयाबीन विदर्भात शिरले आणि बघता बघता ज्वारीच्या जागेवर पसरले. बियाणे बहुतेक मध्य प्रदेशातून आलेल्या वाणांचे : जेएस-३३५, जेएस ८०-२१. आपल्या भागाला नेमके बसणारे बियाणे इथे घडावे, हा विचार अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्राने धरला. ट्रॉम्बेच्या बाजूने डॉ. जे. जी. मंजया या कामात होते. जेएस ८०-२१ च्या बियाण्यावर गॅमा किरणांचा प्रयोग करून मिळालेल्या झाडांतून टीएएमएस-३८ निवडला गेला आणि २००५ मध्ये प्रसारित झाला, त्यापाठोपाठ २००७ मध्ये टीएएमएस ९८-२१. टीएएमएस-३८ नव्वद-पंचाण्णव दिवसांत सोंगणीला येतो. सोयाबीननंतर हरभरा घेणाऱ्याला हे वाचलेले आठ-दहा दिवस फार मोलाचे असतात, जमिनीतली ओल हातची जात नाही. त्याच २००७ मध्ये अकोल्याकडून टीएएस-८२ हे सूर्यफूलही आले, पण सूर्यफुलाचेच क्षेत्र आपल्याकडे आटत गेले आणि त्याबरोबर त्या वाणाचे नावही मागे पडले. अमरावतीने मात्र सोयाबीन सोडले नाही. यलो गोल्ड, सुवर्ण सोया, अंबा ही अलीकडची नावे त्याच केंद्राची आहेत.

प्रयोगशाळा आणि शेत यांच्यामध्ये आणखी एक दुवा होता, त्याचा उल्लेख राहून जाऊ नये. वाण विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत मंजूर होतो, राजपत्रात अधिसूचित होतो, मग मूलभूत बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित अशी साखळी चालते. महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे आपले महाबीज, १९७६ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय अकोल्यातच आहे. पैदासकाराच्या हातचे मूठभर दाणे गावोगावच्या कृषी केंद्रांत पोत्यांनी पोचले, ते या साखळीमुळे. विद्यापीठ आणि महामंडळ एकाच शहरात असण्याचा लाभ टीएयू-१ ला मिळाला असे मी खात्रीने म्हणेन.

किरणांचे बियाणे म्हटले की एक भीती हमखास पुढे येते आणि ती बोलून दाखवणाऱ्याला मूर्ख समजू नये. असा दाणा खाल्ला तर किरणोत्सर्ग पोटात जाईल का? नाही जाणार. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर जात नाही. ज्या गाभ्यांतून न्यूट्रॉन सर्वांत सहज सुटतो त्या बेरिलियमला १.६७ लागतात आणि जड हायड्रोजनला २.२२. कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजनला तर कितीतरी जास्त. म्हणजे हे किरण बियाण्यातल्या कोणत्याही गाभ्याला किरणोत्सर्गी करू शकत नाहीत. शिवाय किरण पडतात ते पहिल्या मूठभर बियाण्यावर. शेतकऱ्याच्या हाती येते ती त्याची दहावी-पंधरावी पिढी.

विद्यापीठाचे कौतुक करताना उणीवही सांगायला हवी. टीएयू-१ इतका लोकप्रिय झाला की दीर्घकाळ उडदाचे क्षेत्र जवळजवळ एकाच वाणावर उभे राहिले. एकाच वाणावर सगळा भरवसा म्हणजे रोगाला मोकळे रान, आणि पिवळ्या मोझॅकने पुढे ते दाखवून दिले. त्यानंतर अकोल्याने एकेयू-१५ सारखे उडदाचे आणि एकेएम-४ सारखे मुगाचे आपले वाण दिले, हे चांगले झाले. पण नव्या वाणांचे मूलभूत बियाणे वेळेवर आणि पुरेसे मिळत नाही तोवर शेतकरी घरचेच जुने बी पुन्हा पेरतो, आणि त्याला दोष देता येत नाही. कडधान्याच्या बियाण्यात नफा कमी, म्हणून खासगी कंपन्या तिकडे फिरकत नाहीत. हे काम सार्वजनिक संस्थांनाच करावे लागेल आणि त्यासाठी पैदासकारांच्या रिकाम्या पडलेल्या जागा भराव्या लागतील.

ट्रॉम्बेच्या खात्यावर आज पिकांचे साठाहून अधिक वाण आहेत आणि त्यातला लक्षणीय वाटा वऱ्हाडच्या मातीत तपासला गेला. देशपातळीवर या कामाची चर्चा होते तेव्हा अणुशक्तीचे नाव मोठ्या अक्षरांत येते आणि प्रक्षेत्राचे लहान अक्षरांत. मला हे मान्य नाही. किरणांनी हजार बदल दिले असतील, त्यातले नऊशे नव्व्याण्णव टाकून एक उचलण्याचे, मग त्या एकाला अकोला, वाशीम, बुलडाणा, यवतमाळच्या जमिनींत वर्षानुवर्षे पेरून पारखण्याचे काम इथल्या माणसांनी केले. त्यात पैदासकार होते, रोगशास्त्रज्ञ होते, प्रक्षेत्र सहायक होते, डवरणी आणि वेचणी करणाऱ्या मजूर बाया होत्या आणि आपल्या शेतातला एक तुकडा चाचणीसाठी मोकळा ठेवणारे शेतकरी होते.

ज्यांनी ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत कडधान्य, तेलबिया किंवा सोयाबीनच्या या चाचण्यांवर अकोल्यात, अमरावतीत किंवा इतर कोणत्याही केंद्रावर काम केले असेल, त्यांच्या घरी जुन्या नोंदवह्या, खुंट्यांच्या याद्या, छायाचित्रे असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणून द्या, सोबत आपले नाव, केंद्राचे नाव आणि वर्ष लिहून द्या. पुढच्या स्मरणिकेत उडदाला एका ओळीपेक्षा जास्त जागा मिळेल ती या वह्यांतूनच.